जाम

धरणगावची जिनिंग मोडीत काढली तेव्हा
भंगारवाल्याच्या आधी पोचले मी, स्केचबुक घेऊन.
एप्रिल. पत्रे तापून तडतडत होते.
आत काळोख, काळोखात अठरा जिन ओळीने,
वरच्या लांब शाफ्टवरून अजून लोंबणारे पट्टे
आणि कोळिष्टकांत अडकलेली रुई,
कुठल्या हंगामाची कोण जाणे.

कॉलेजात आम्ही यंत्र काढायचो ते दात विचकलेलं.
कोळसा, भरपूर कोळसा. सरांना आवडायचं.
हाताची कला ह्यांनीच मारली, असं म्हणत सर
कँटीनमध्ये स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे.
मग वर्गातला नीलकांत कुठल्याशा कारखान्यात
रोबोचे हात बघून आला आणि पालटलाच.
चंदेरी यंत्रं, सहा-सहा फुटांची, मूर्तीसारखी उजळ,
खाली नावं: वेग एक, वेग दोन, वेग नऊ.
मी दोघांचंही ऐकलं. दोन्ही तऱ्हांनी काढून पाहिलं.
दोन्हीकडे एक सोय होती,
माणूस काढावा लागत नव्हता.

उखा मिस्तरी मागे कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.
चाळीस हंगाम फिटर. आता भंगाराचं वजन राखायला ठेवलेला.
उभं पीक बघावं तसा कागद बघत राहिला.
"म्याडम, पट्टा उलटा शे. हाई चालाव नही."
म्हटलं, अहो, चित्र आहे.
"चित्रच शे. पन कोनी चालू कयं तं?"

खोडलं.
आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन पट्टा पुन्हा घेतला.
तो हुंकारला. तेवढंच.

उजव्या हाताची दोन बोटं पेराशीच संपलेली.
न विचारण्याइतकी शहाणी मी नाही.
राग येत नाही का, म्हटलं, ह्या जिनचा?
तो रोलरवरचं चामडं अंगठ्याने चाचपत होता,
ताप बघावा तसा.
"हिनी नही लिन्हात. शेटनी घाईनी लिन्हात."

मग कुणाची जिन कुठली ते सांगत गेला.
तिसरीवर मंजाबाई. सातवीवर रेवा, तिची लेक पाटीखाली निजलेली.
रात्रपाळीत भुवयांवर, पापण्यांवर रुई बसायची,
सगळ्या एकदम म्हाताऱ्या दिसायच्या
आणि एकमेकींना बघून हसायच्या.
हसू ऐकू यायचं नाही. त्या आवाजात
बोलणं वाचायचं ते ओठांवरून.
म्हणून हा अजूनही बोलताना
माझ्या डोळ्यांत बघत नाही, ओठांकडे बघतो.

ते काढता आलं नाही मला.

एक चाक मात्र घेतलं, किलोच्या भावाने.
लाल ऑइलपेंट मारला, चौथऱ्याला वेल्ड करून टाकलं,
नाव दिलं: शांतता.
जळगावच्या प्रदर्शनात मधोमध, पांढऱ्या फरशीवर.
नीलकांतने पाठ थोपटली. सरांचाही निरोप आला,
यंत्राचा शेवट छान दाखवलास म्हणून.

तिसऱ्या दिवशी एसटीने उखा आला. परीटघडीची टोपी.
हात लावू नका, असं वॉचमन म्हणेपर्यंत
त्याने आरीला धरून चाक ओढलं होतं.
पुन्हा ओढलं. मग माझ्याकडे वळून
दुसऱ्याच्या घरातली अडचण दिसल्यासारखा, हलक्या आवाजात,
"जाम शे."

मी हो म्हटलं. वेल्ड माझाच होता, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी वॉचमनचा फोन.
"मॅडम, तुमचं चाक गळतंय."

गेले. चाकाच्या तुंब्याला तेलाचा वास.
चौथऱ्याआड बामची रिकामी बाटली, झाकण नीट लावलेली.
वेल्डपुढे तेलाचं काही चालत नाही,
हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

फरशीवर एक डाग पसरलेला,
दुसरा थेंब वर लोंबत, जड, अजून न सुटलेला.
"पुसू का?" वॉचमन फडकं घेऊन उभा.

थांब, म्हटलं.